अठ्ठाविसावी बाटली

तेक्केतुऱ्याच्या माणसांना हळू बोलता येत नाही. जन्मल्यापासून कानाशी समुद्र आदळत असतो. त्याच्या वर आवाज चढवल्याशिवाय आईला लेकराला जेवायलासुद्धा हाक मारता येत नाही. तिथे नवऱ्याने बायकोला चार गोड शब्द सांगायचे म्हटले तरी आजूबाजूच्या तीन घरांना कळतात. लग्न होऊन आत कालव्यापलीकडच्या गावात गेलेल्या पोरीला सासू पहिल्याच दिवशी विचारते, “कुणाशी भांडतेयस गं?”

म्हणून जूनच्या त्या सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये ब्रिजीत बोलायला उभी राहिली आणि डॉक्टर उण्णित्तान दोन्ही हात वर करून म्हणाले, “बाई, ओरडू नका,” तेव्हा सगळा हॉल हसला.

“ओरडत नाहीये, सार,” ब्रिजीत म्हणाली. “बोलतेय. ओरडले तर तुमचा चष्मा तडकेल.”

डॉक्टर उण्णित्तान समुद्राचे शास्त्रज्ञ. माणूस वाईट नव्हता. पण बावीस वर्षं ज्याला कुणी ‘चूक’ म्हटलेलं नाही, त्याच्या चेहऱ्यावर एक तुकतुकी येते, ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. त्यांच्यासमोर टेबलावर निळ्या पुठ्ठ्याचा अहवाल होता आणि त्या अहवालात एक वाक्य होतं: ‘या किनाऱ्यावर चाकर येणे कायमचे थांबले आहे.’

त्या एका वाक्यावर बंदर उभं राहणार होतं.

चाकर म्हणजे काय, हे आलप्पुळ्याच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. ऐन पावसाळ्यात, समुद्र पिसाळलेला असताना, किनाऱ्यालगतचा एक तुकडा गप्प होतो. तळातला चिखल वर उठतो, पाणी ताकासारखं दाट होतं, लाटा त्यात शिरतात आणि जागच्या जागी मरतात. मग तारली, बांगडा, कोळंबी, सगळं त्या गप्प पाण्यात येऊन गोळा होतं. बाकीचा किनारा चुली विझवून बसलेला असताना तिथे जत्रा भरते. कधी येईल, कुठे येईल, किती दिवस राहील, मुळात येते का आणि जाते का, याचं उत्तर कुणाजवळ नाही. आपल्याकडे आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

बंदराच्या योजनेत नियम होता की चाकर येते त्या किनाऱ्यावर दगड टाकायचा नाही. तेक्केतुऱ्याला अकरा वर्षांत चाकर आली नव्हती. म्हणून दगड ठरला. समुद्रात शिरणारे दगडाचे दोन लांब हात, मध्ये मोठ्या बोटींचा धक्का, आणि काठावरच्या चौतीस घरांना नऊ किलोमीटर आत चार मजली इमारतीत खोल्या. नऊ किलोमीटरवरून येऊन कुणी पहाटे होडी लोटत नाही, हे अहवालात नव्हतं. ब्रिजीतचं घर चौतिसातलं पहिलं होतं. तिच्या धाकट्या भावाचं, औसेपचं, दुसरं.

“बोला, पण थोडक्यात,” व्यासपीठावरच्या उपजिल्हाधिकारी बाई म्हणाल्या.

ब्रिजीत एकावन्न वर्षांची. चौथीनंतर काथ्याच्या कारखान्यात, तिथून डोक्यावर माशांची टोपली. तिने बोलायची तयारी केली होती, आणि तयारी केलेलं सगळं चुकीचं होतं.

“चाकर येणार,” ती म्हणाली. “कारण ती येते कुठून ते मला ठाऊक आहे. आमचे अप्पन सांगायचे, गावामागच्या कायलच्या, त्या लांबलचक खाडीच्या, तळाला भोकं आहेत. जमिनीखालून समुद्रापर्यंत भुयारं. पावसाळ्यात कायल फुगलं की चिखल त्या भुयारातून ढकलला जातो. भुयार बुजलं की चाकर बंद, मोकळं झालं की चालू.”

डॉक्टर उण्णित्तान हसले नाहीत. ते त्यांनी करायला नको होतं. हसले असते तर तिला चिडता आलं असतं. त्यांनी शांतपणे नकाशा उघडला, कायलची खोली दाखवली, दोन्हीकडच्या पाण्यातल्या मिठाचे आकडे सांगितले, चिखलाचे नमुने सांगितले. “हा अंदाज शंभर वर्षं जुना आहे, बाई. पुष्कळांनी तपासला. भुयार कुणाला सापडलं नाही.”

“न सापडायला काय झालं!” मागून वर्क्की ओरडला. वर्क्की सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी, बर्फाच्या कारखान्याचा मालक, बंदर त्याला उद्याच्या उद्या हवं होतं. “पैली आशानने शोधलं होतं की! सार, तुम्हाला गुलाबी बदकांची गोष्ट सांगितली का हिने?”

हॉल फुटला. म्हाताऱ्या बायासुद्धा पदर तोंडावर धरून हसल्या.

गोष्ट खरी होती. एकोणऐंशी साली ब्रिजीत अकरा वर्षांची होती. चाकर येऊन तेव्हा तेरा पावसाळे झाले होते आणि पैली आशानला, तिच्या बापाला, झोप येत नव्हती. गावाला भूक सतावत होती, याला प्रश्न सतावत होता. त्याने काथ्या रंगवायचा लाल रंग सहा पोती उधार आणला, पोरीला बरोबर घेतलं आणि सगळा कायलमध्ये ओतला. भुयार असेल तर समुद्र लाल होईल. नऊ दिवस ब्रिजीत किनाऱ्याने पळत होती, लाल पाणी शोधत. समुद्र जसाच्या तसा. वर्क्कीच्या बापाची दोनशे बदकं मात्र गुलाबी झाली आणि नाताळपर्यंत गुलाबी राहिली. लोक आलप्पुळ्याहून बघायला आले. तेव्हापासून पैली आशानचा ‘चिखलपैली’ झाला, आणि ब्रिजीत कुठेही भाव करायला लागली की पलीकडून कुणीतरी बदकाचा आवाज काढतं.

आताही कुणीतरी काढला.

ब्रिजीत खाली बसली. कान तापले होते. शेजारी औसेप माशांचा प्लास्टिकचा क्रेट मांडीवर घेऊन बसला होता आणि क्रेटमध्ये बाटल्या होत्या. सत्तावीस. ताडीच्या, टॉनिकच्या, एक शाईची, एक परदेशी दारूची. प्रत्येक चाकरीचा पहिल्या दिवसाचा चिखल. चोपन्न सालापासून अप्पनने भरल्या, त्याच्यामागे तिने. प्रत्येकीच्या तोंडाला मेण, मेणाखाली त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान गुंडाळलेलं. आणायच्या म्हणून आणल्या होत्या; दाखवून काय करायचं ते ठरलं नव्हतं.

“चल घरी,” औसेप पुटपुटला. तेक्केतुऱ्यातलं पुटपुटणं, चार रांगांना ऐकू गेलं.

ब्रिजीत बाटल्यांकडे बघत होती. अप्पनने त्या सालवार लावायला शिकवलं होतं आणि ती चाळीस वर्षं तशाच पुसून पुन्हा लावत आली होती. शाईच्या बाटलीवर सहासष्ट. तिला खेटून टॉनिकची, तिच्यावर एक्क्याऐंशी. काच काचेला लागलेली. आणि त्या दोन काचांमध्ये पंधरा वर्षं.

ती पुन्हा उभी राहिली.

“भुयाराचं जाऊ दे,” ती म्हणाली. “अप्पन चुकले. मीही चुकले. मला माहीत नाही चाकर का येते.”

तेक्केतुऱ्यात ब्रिजीतने ‘चुकले’ म्हणणं हीच मुळात बातमी होती.

“आता तुम्ही सांगा, सार. का येते?”

“कारणं अनेक आहेत,” डॉक्टर म्हणाले. “लाटांची दिशा, तळाच्या चिखलाचा पोत, नद्यांचं गोडं पाणी, किनाऱ्यालगतचा प्रवाह...”

“किती झाली?”

“साधारण सहा.”

“त्यातलं खरं कुठलं?”

“संशोधन चालू आहे.”

“म्हणजे माझ्या बापाकडे एकच कारण होतं आणि ते खोटं निघालं. तुमच्याकडे सहा आहेत आणि कुठलं खरं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्याची बदकं गुलाबी झाली, म्हणून तो वेडा. तुमची बदकं कुणी बघितली नाहीत, एवढाच फरक.”

कुणीतरी शिट्टी घातली. उपजिल्हाधिकारी बाईंनी टेबलावर पेन आपटलं, पण तोंड वळवून.

“अजून एक. तुमच्या कॉम्प्युटरला किती वर्षांचा समुद्र ठाऊक आहे?”

“एकोणीस वर्षांची माहिती आहे आमच्याजवळ. चांगली माहिती आहे.”

ब्रिजीतने क्रेटमधून दोन बाटल्या उचलल्या, व्यासपीठापाशी गेली आणि निळ्या अहवालावरच ठेवल्या. “ही सहासष्टची. ही एक्क्याऐंशीची. मध्ये बाटली नाही, कारण मध्ये चाकर नाही. चौदा पावसाळे. तुम्ही ऐंशी साली आला असता, सार, तर हेच वाक्य लिहिलं असतं. ‘कायमचे थांबले.’ आणि पुढच्या जुलैत ती आली असती. तुमच्या दगडावर डोकं आपटायला.”

डॉक्टर उण्णित्तानांनी शाईची बाटली उचलून उजेडाकडे धरली. तळाशी काळा-करडा चिखल, वर दोन बोटं स्वच्छ पाणी. “ही सालं खरी कशावरून?”

“फोडा मेण. आत पान आहे. नाहीतर चिखलालाच विचारा, तुमच्याकडे यंत्रं आहेत ना!”

त्यांनी मेण फोडलं नाही. बाटली नाकाशी नेली, आणि मेणाच्या कडेतून काय वास आला कोण जाणे, त्या तुकतुकीत चेहऱ्याला एक बारीकशी चीर गेली. ते बाटली खाली ठेवेनात.

“डॉक्टर,” उपजिल्हाधिकारी बाई म्हणाल्या, “एका शब्दात सांगा. इथे चाकर पुन्हा येणार नाही, हे तुम्ही ठामपणे सांगू शकता?”

खोटं बोलणं सोपं होतं. समोर वर्क्की होता, मागे मंत्र्याचा माणूस होता. हॉल पुटपुटायचाही थांबला होता. समुद्र तेवढा भिंतीपलीकडे आदळत होता.

“ठामपणे?” डॉक्टरांनी चष्मा काढला. “नाही.”

बाईंनी निकाल दिला: एकतीस ऑगस्टपर्यंत दगड नाही. डॉक्टरांनी सोमवारी आणि गुरुवारी इथेच, याच किनाऱ्यावरून समुद्रात जाऊन मोजमाप करायचं. तोवर चाकर आली तर बंदर रद्द. नाही आली तर एक सप्टेंबरला पहिला ट्रक.

वर्क्कीही ब्रिजीतला चेची, म्हणजे ताई, म्हणायचा; जाता जाता तिच्या कानाशी म्हणाला, “अडीच महिने, चेची. मग बदकं पाळ.”

*

जून गेला. समुद्राने नारळाची चार झाडं नेली.

जुलै गेला. एका भरतीला पाणी औसेपच्या स्वयंपाकघरात शिरलं आणि भांडी घेऊन परत गेलं. त्या दिवसापासून माणसं फिरली. आधी हॉलमध्ये शिट्टी घालणारेच आता रस्ता बदलायला लागले. पाण्याच्या नळाशी एक बाई ब्रिजीतला ऐकू जाईल असं म्हणाली, “बंदर झालं असतं तर निदान आतल्या खोल्यांच्या कोरड्या भिंती मिळाल्या असत्या. हिच्या बाटल्यांपायी पोरं ओल्यात झोपतात.” ब्रिजीतने घागर भरली. त्या बाईला उत्तर द्यायला तिच्याजवळ दहा शिव्या होत्या, पण एकही खरी नव्हती.

कारण तिला खरंच माहीत नव्हतं. हॉलमध्ये जे बोलायला छाती लागली होती, तेच आता रोज सकाळी उठून गिळावं लागत होतं. ‘माहीत नाही’ हा शब्द दोन्हीकडून कापतो. ती येईलच, असं कुठे माहीत होतं?

डॉक्टर उण्णित्तान मात्र येत होते. पहिल्या दिवशी औसेपच्या होडीत त्यांनी सकाळच्या न्याहारीचं पुट्टु-कडला सगळं समुद्राला अर्पण केलं. तिसऱ्या आठवड्यात औसेपच्या हातची बिडी ओढू लागले. पावसाच्या धुक्यात किनारा दिसेनासा झाला की औसेप सुकाणूवर डोळे मिटून बसायचा.

“डोळे का मिटलेस? आपण परत चाललोय ना?” डॉक्टर पहिल्यांदा घाबरून किंचाळले होते.

“गप बसा, सार. ऐकतोय.”

असल्या पावसात तेक्केतुऱ्याचे लोक कानाने घरी येतात. लाट फुटल्याचा आवाज दूर, मग जवळ, मग छातीत. छातीत आला की इंजिन बंद करायचं, वल्ही धरायची, बरोबरची लाट निवडायची आणि तिच्या पाठीवर बसून वाळूवर उतरायचं. चुकलं तर होडी उलटी. धुकं फारच दाट असलं तर बायका काठावर उभ्या राहून कुकारे घालतात, म्हणजे कुठल्या घरासमोर लागायचं ते कळतं.

मोजमाप झालं की डॉक्टर ब्रिजीतच्या ओसरीवर काळा चहा घ्यायचे आणि बाटल्यांसमोर बसायचे. ती हात लावू देत नव्हती.

“एक चमचा द्या ना प्रत्येकीतला.”

“आधी ते वाक्य खोडा.”

“पुराव्याशिवाय कसं खोडू?”

“पुराव्याशिवाय लिहिलंत कसं?”

एकदा ते हातातला चहा निवेपर्यंत बाटल्यांवरची सालं वाचत बसले. मग म्हणाले, “मी एकवीस वर्षांचा असताना पुरक्काडला पहिली चाकर बघितली. मास्तरांबरोबर गेलो होतो. एका बाजूला माणूसभर लाटा, आणि पन्नास पावलांवर पाणी असं... थाळीतल्या पेजेसारखं. मी मास्तरांना विचारलं, असं का? ते म्हणाले, तेच तुला शोधायचंय. रात्रभर झोपलो नाही, बाई. आनंदाने.”

“मग?”

“मग नोकरी लागली. अहवाल मागायला लागले. तारखेच्या आत. अहवालात ‘असं का’ हा प्रश्न चालत नाही, उत्तर लागतं.”

“म्हणजे तुम्ही विसरलात.”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “विसरलो.”

ब्रिजीतने त्यांचा पेला उचलून आत नेला, चहा पुन्हा गरम केला आणि यावेळी बरोबर केळ्याच्या दोन वड्या ठेवल्या. एवढ्याने ती विरघळली असं कुणी समजू नये. वाक्य अजून खोडलेलं नव्हतं.

*

बावीस ऑगस्ट, गुरुवार. नऊ दिवस उरलेले.

सकाळी धुकं असं होतं की अंगणातला माड नुसत्या आवाजावरून ओळखावा. औसेप आणि डॉक्टर साडेसहालाच होडी घेऊन गेले होते. ब्रिजीतने चूल पेटवली, तांदूळ धुतले आणि शेजारच्या घरात हाक मारली, “रोसाम्मा, मीठ दे गं मूठभर!”

पलीकडून रोसाम्मा दचकून बाहेर आली. “अगं, हळू! पोर झोपलंय. एवढं काय ओरडतेस?”

ब्रिजीत तिच्याकडे बघत राहिली. रोसाम्मासुद्धा बोलता बोलता थांबली. अकरा वर्षांत तेक्केतुऱ्यात कुणी कुणाला ‘ओरडू नकोस’ म्हटलेलं नव्हतं. बाहेरचे म्हणायचे. इथलं कुणी नाही.

तांदळाचं पाणी तिच्या बोटांवरून थेंब थेंब पडत होतं, आणि तो थेंब जमिनीवर पडल्याचा आवाज तिला ऐकू आला.

तिला थेंबाचा आवाज ऐकू आला.

मग कुठेतरी दूर एक कोंबडा. चर्चच्या मागे कुणाची तरी सायकल. कुणाच्या तरी घरात खोकला. सगळं गाव तिला एकेक करून ऐकू यायला लागलं, जसं अंधारात एकेक दिवा लागावा. आणि या सगळ्याच्या मागे, जिथे जन्मापासून ती धडधड होती, तिथे काही नव्हतं.

ती धावली. तांदळाचं भांडं हातातच. वाळूच्या कडेला पोचली आणि पुढे लाट नव्हती. तपकिरी, जाड, तेलकट पाणी किनाऱ्याला नुसतं टेकलं होतं, मांजर पायाला टेकतं तसं. उजवीकडे दूर, धुक्यात, लाटांची पांढरी रेघ आतबाहेर होत होती, इथे नाही. तिने वाकून हात घातला. बोटांवर लोण्यासारखा चिखल आला. तिने तो नाकाशी नेला आणि तिला बाप आठवला.

पण रडायला वेळ नव्हता. कारण दुसऱ्याच क्षणी तिला औसेप आठवला. तो तिथे धुक्यात डोळे मिटून बसला असेल, लाटेचा आवाज ऐकत. लाट फुटतच नाहीये, म्हणजे किनारा अजून लांब आहे असं समजून इंजिन भरधाव सोडलं असेल. या किनाऱ्यावर ही चूक पूर्वीही झालीय; एक्क्याऐंशीला दोन होड्या अशाच चर्चच्या भिंतीपर्यंत आल्या होत्या आणि एकाचा पाय कायमचा गेला.

“रोसाम्मा! सगळ्यांना बोलाव! कुकारे घाला!”

बायका आल्या. पाणी बघून काहींनी छातीवर क्रूस काढला, काही तिथेच वाळूत बसल्या. नळावर टोमणा मारणारी बाईही आली, तिने ब्रिजीतकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि बोलायचं सोडून कुकारा घातला. मग सगळ्यांनीच घातला. तीसेक बायका, जन्मभर समुद्रावर आवाज चढवलेले गळे, आणि समोर समुद्रच गप्प. तो कुकारा आलप्पुळ्यापर्यंत गेला असेल. नंतर कालव्यापलीकडचे लोक सांगत होते की त्यांना वाटलं त्सुनामी आली.

होडी आधी ऐकू आली, मग दिसली. औसेपने कुकारा ऐकून इंजिन बंद केलं होतं, पण शेवटच्या शंभर हातांवर. होडी त्या लोण्यातून सरळ सरकत आली, वाळूवर चढली, चढतच राहिली, ब्रिजीतच्या पायापासून दोन वितींवर थांबली. डॉक्टर उण्णित्तान थांबले नाहीत. ते नाळेवरून, होडीच्या पुढच्या टोकावरून, उडून तोंडावर पडले आणि निम्मे वाळूत, निम्मे पाण्यात पसरले. चष्मा कुठे गेला तो आजवर सापडलेला नाही.

औसेप सुकाणूवर तसाच बसलेला. “चेची,” तो म्हणाला, “लाट कुठंय?”

“मेली,” ब्रिजीत म्हणाली.

डॉक्टर गुडघ्यांवर उठले. तोंडावर, कपाळावर, मिशीत चिखल. त्यांनी जिभेने ओठावरचा चिखल चाटला, थुंकले, पुन्हा चाटला. मागे वळून पाण्याकडे बघितलं. होडीतलं मोजायचं यंत्र मोडलं होतं, त्याचा दिवा अजून लुकलुकत होता. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

“काल काहीच नव्हतं,” ते म्हणाले. “सोमवारी आम्ही इथेच... काहीच नव्हतं! एकही आकडा नव्हता! असं कसं...” आणि ते हसायला लागले. त्रेपन्न वर्षांचा माणूस चिखलात मांडी घालून एकवीस वर्षांच्या पोरासारखा हसत होता. “का, बाई? का?”

“मला काय विचारता?” ब्रिजीत म्हणाली. आणि मग ती हसली, औसेप हसला, सगळा किनारा हसला. कुणीतरी बदकाचा आवाज काढला. सगळ्यात मोठ्याने हसली ती ब्रिजीतच.

*

सकाळी नऊला पहिली जाळी पडली. बाराला काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. तारली फावड्याने ओढत होते. शेजारच्या चार गावच्या होड्या आल्या, आणि कुणी कुणाला हाकलत नव्हतं, कारण चाकर हाकलायची नसते. दोन वाजता वर्क्कीचा बर्फ संपला. चार वाजता तो ब्रिजीतच्या ओसरीसमोर उभा राहिला, शर्ट घामाने चिकटलेला.

“चेची, किती दिवस राहील ही? चेरतल्याहून बर्फ मागवायचा तर अंदाज पाहिजे.”

“माहीत नाही,” ब्रिजीत म्हणाली.

“तरी?”

“वर्क्की, तुझ्या कारखान्यात ‘माहीत नाही’चा बर्फ होतो का? नसेल तर जा.”

रविवारपर्यंत कॅमेरेवाले आले. एकाने केस रंगवलेले, हातात मोबाइलची काठी. तो ब्रिजीतला पाण्यात उभी करून म्हणाला, “आंटी, एवढंच सांगा की तुम्ही नवस बोललात आणि संत सेबास्त्यानने समुद्र थांबवला. शास्त्रज्ञ हरले, श्रद्धा जिंकली! लाखो लोक बघतील.”

तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. डॉक्टरवर ती अडीच महिने चिडली होती, पण हा त्याच्याहून हलका होता. डॉक्टरने निदान उत्तर शोधायला पोट ओकून टाकलं होतं. याला उत्तर आधीच सापडलेलं होतं, फक्त तोंड पाहिजे होतं.

“नवस नाही,” ती म्हणाली. “संतही नाही, भुयारही नाही, कॉम्प्युटरही नाही. माहीत नाही, एवढं दाखवता येईल का तुझ्या लाखांना?”

“त्यात काय मजा, आंटी?”

“त्यातच आहे, गाढवा,” ती म्हणाली. आणि ते म्हणाली एवढ्या हळू आवाजात की त्याला काठी पुढे करून पुन्हा विचारावं लागलं.

तीस ऑगस्टला चर्चच्या हॉलमध्ये पुन्हा सगळे जमले. उपजिल्हाधिकारी बाईंनी बंदर रद्द झाल्याचं वाचून दाखवलं, तेव्हा आरडाओरडा झाला नाही. त्या आठवड्यात तेक्केतुऱ्यात हळू बोलायची चैन पुन्हा सुरू झाली होती. चौतीस घरची माणसं नुसती उभी राहिली. मग डॉक्टर उण्णित्तान उठले. नवा चष्मा, जुना निळा अहवाल. त्यांनी ते वाक्य वाचलं, खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांदेखत खोडलं. वर लिहिलं ते मोठ्याने वाचलं: “‘बावीस ऑगस्ट रोजी या किनाऱ्यावर चाकर आली. आदल्या सोमवारच्या कोणत्याही मोजमापात तिची चाहूल नव्हती. ती का आली, हे आम्हाला माहीत नाही.’ खाली माझी सही आहे.”

“तुम्हाला नोकरीवरून काढतील, सार,” औसेप म्हणाला.

“बघू. मग तू होडीवर घे.”

संध्याकाळी ते ब्रिजीतच्या ओसरीवर आले. तिने सत्तावीस बाटल्या आणि एक चमचा त्यांच्यापुढे ठेवला. “घ्या. प्रत्येकीतला एकच. आणि काय सापडलं ते मला सांगायला यायचं. चुकलं तर चुकलं म्हणून सांगायला यायचं.”

“येईन.”

“आधी ही भरा.” तिने खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली त्यांच्या हातात दिली. “अप्पनच्या हातची नाही, माझ्या हातची नाही. यंदाची तुमच्या हातची. पहिल्या दिवसाचा चिखल तुम्हीच खाल्लात.”

तो चिखल तिने त्या सकाळीच तांदळाच्या भांड्यात राखून ठेवला होता. डॉक्टरांनी तो भरला, वर पाणी सोडलं, बावीस तारखेचं पान गुंडाळून गळ्यात बसवलं, मेण ओतलं. थोडं सांडलं. मग चिठ्ठीवर साल लिहिलं: दोन हजार एकोणीस.

“झालं?”

“झालं,” ब्रिजीत म्हणाली. तिने बाटली फळीवर, दोन हजार आठच्या शेजारी ठेवली. काच काचेला लागली. टिंग असा बारीक आवाज झाला, आणि समुद्राच्या काठावरच्या त्या घरात तो दोघांनाही स्वच्छ ऐकू आला.